डायलिसिस : यंत्रापलीकडची जबाबदारी

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव असे पाच तालुके असलेला हा जिल्हा संत नामदेवांच्या नरसीमुळे, औंढ्याच्या ज्योतिर्लिंगामुळे आणि हळदीच्या पिकामुळे सर्वत्र परिचित आहे. जिल्ह्याचे ठिकाण जवळ आले की कचेरीची कामे सोपी होतात, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. परंतु काही आजार असे आहेत की, त्यांत अंतर हाच आजाराचा एक भाग बनतो. मूत्रपिंडे कायमची निकामी होणे हा त्यांपैकी एक होय.

अशा रुग्णाला सामान्यतः आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास डायलिसिस घ्यावे लागते. म्हणजे वर्षातून १५६ वेळा उपचार आणि जाऊन-येऊन ३१२ वेळा प्रवास. सेनगाव किंवा औंढा तालुक्याच्या एखाद्या आडगावातील शेतमजुराच्या दृष्टीने हा हिशेब केला, तर रुग्णाबरोबर घरातील आणखी एका माणसाची मजुरीही आठवड्यातून तीन दिवस बुडते, हे ध्यानात येईल.

डायलिसिसचे यंत्र पैशाने विकत घेता येते. मात्र त्याचा सुरक्षित वापर पाणी, वीज, रस्ता, लस, नोंदवही आणि रुग्णाच्या घरचे स्वयंपाकघर यांवर अवलंबून असतो. यांतील बहुतेक गोष्टी डॉक्टरांच्या हाती नसून पाणीपुरवठा कर्मचारी, ग्रामसेवक, शिक्षक, पंचायत सदस्य आणि कुटुंबीय यांच्या हाती असतात. म्हणूनच या उपचाराची माहिती रुग्णालयाच्या भिंतीबाहेरही असणे अगत्याचे आहे.

मूत्रपिंडांचे कार्य

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस असलेली मूत्रपिंडे प्रत्येकी सुमारे दीडशे ग्रॅम वजनाची असतात. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. या गाळण्यांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील उपयुक्त भाग शरीर परत घेते आणि एक ते दीड लिटर मूत्र बाहेर टाकते. युरियासारखी टाकाऊ द्रव्ये काढणे, पाणी व क्षार यांचा समतोल राखणे, रक्तदाबाचे नियमन करणे, तांबड्या रक्तपेशी तयार होण्यास चालना देणे आणि हाडे बळकट ठेवणे ही सर्व कामे ही लहानशी इंद्रिये अहोरात्र करीत असतात.

त्यांचा आजार बहुधा मुकाट्याने वाढतो. निम्मे कार्य नष्ट होईपर्यंत पुष्कळदा कोणतेही लक्षण दिसत नाही. पायांवर व डोळ्यांभोवती सूज येणे, भूक मंदावणे, मळमळ, थकवा, धाप लागणे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो. दीर्घकाळचा मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही या विकाराची सर्वांत मोठी कारणे होत. मुतखडा, मूत्रमार्गातील अडथळे आणि अंगदुखीवर वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या यांचीही त्यात भर पडते.

कृत्रिम मूत्रपिंडाची वाटचाल

विशिष्ट पडद्यातून काही द्रव्ये पार होतात व काही होत नाहीत, या तत्त्वाचा अभ्यास करून स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहॅम यांनी १८६१ मध्ये या क्रियेला ‘डायलिसिस’ हे नाव दिले. मराठीत तिला ‘अपोहन’ असा प्रतिशब्द आहे. १९१३ मध्ये अमेरिकेत जॉन एबल आणि त्यांचे सहकारी यांनी प्राण्यांचे रक्त नळ्यांतून शरीराबाहेर फिरवून शुद्ध करण्याचा प्रयोग केला. रक्त गोठू नये म्हणून त्यांना जळवांपासून काढलेले द्रव्य वापरावे लागले. १९२४ मध्ये जर्मनीतील गीसेन येथे गेओर्ग हास यांनी माणसावर पहिला प्रयत्न केला. परंतु उपयोगी पडेल असे यंत्र तयार होण्यास आणखी दोन दशके जावी लागली.

हे यंत्र घडविणारे डॉ. विलेम कोल्फ हे नेदरलँड्समधील तरुण वैद्य होते. १९३८ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली असलेला एका शेतकऱ्याचा बावीस वर्षांचा मुलगा मूत्रपिंडे निकामी होऊन मरण पावला. त्याच्या रक्तातील थोडा युरिया रोज काढता आला असता तर तो वाचला असता, हा विचार डॉ. कोल्फ यांच्या मनातून गेला नाही. पुढे त्यांचा देश शत्रुसैन्याच्या ताब्यात असताना, कांपेन या लहान गावी, १९४३ मध्ये त्यांनी लाकडी पट्ट्यांचे एक फिरते पिंप तयार केले आणि त्याभोवती खाद्यपदार्थांच्या वेष्टनासाठी वापरली जाणारी सेलोफेनची नळी गुंडाळली. नळीतून रक्त आणि पिंपाखालच्या हौदात क्षारयुक्त पाणी, अशी ही रचना होती. आरंभीच्या बहुतेक रुग्णांना वाचविता आले नाही. १९४५ मध्ये एक सदुसष्ट वर्षांची स्त्री बेशुद्धावस्थेतून शुद्धीवर आली आणि पुढे सात वर्षे जगली. डॉ. कोल्फ यांनी या शोधाचे एकस्व घेतले नाही. उलट युद्धानंतर इतर देशांतील रुग्णालयांना यंत्रे भेट दिली.

तोपर्यंत हा उपचार थोड्या दिवसांपुरताच शक्य होता, कारण प्रत्येक वेळी नवीन रक्तवाहिनी उघडावी लागे. १९६० मध्ये अमेरिकेतील सिअॅटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातावर कायम राहू शकणारी टेफ्लॉनची नळी बसविली. त्यांचा पहिला रुग्ण पुढे अकरा वर्षे जगला. १९६६ मध्ये डॉ. सिमिनो आणि डॉ. ब्रेशिया यांनी हातातील धमनी व शीर परस्परांना जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. ‘फिश्चुला’ या नावाने रुग्णांना परिचित असलेली ही जोडणी आजही सर्वांत सुरक्षित मानली जाते.

उपचार सापडला, पण यंत्रे अपुरी. त्यामुळे सिअॅटल येथे कोणाला हा उपचार द्यावयाचा हे ठरविण्यासाठी सामान्य नागरिकांची समिती नेमावी लागली. कोण जगेल हे समितीने ठरवावे, या गोष्टीने तेथील समाज अस्वस्थ झाला. अखेर १९७२ मध्ये अमेरिकी शासनाने कायद्याने या उपचाराच्या खर्चाची जबाबदारी स्वीकारली. डायलिसिस हा केवळ वैद्यकाचा नव्हे, तर सार्वजनिक धोरणाचाही विषय आहे, हे त्यावेळी प्रथम स्पष्ट झाले.

भारतात या उपचाराची सुरुवात १९६० च्या दशकात झाली. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेज हे त्यातील अग्रेसर केंद्र होते. १९६५ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात मूत्रपिंडरोपणाचा प्रयत्न झाला आणि १९७१ मध्ये वेल्लोर येथे तो यशस्वी झाला. सर्वसामान्य जनतेला मात्र या उपचाराचा परिचय झाला तो लोकनायक जयप्रकाश नारायण यांच्या आजारामुळे. नोव्हेंबर १९७५ मध्ये त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात दाखल करण्यात आले, तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. त्यानंतर ८ ऑक्टोबर १९७९ रोजी निधन होईपर्यंत, जवळजवळ चार वर्षे, त्यांचे जीवन डायलिसिसवर चालले, आणि याच काळात त्यांनी देशाच्या सार्वजनिक जीवनात महत्त्वाची भूमिका बजावली. त्यावेळी मोठ्या शहरांपुरता असलेला हा उपचार जिल्ह्याच्या ठिकाणी येण्यास आणखी काही दशके लागली.

चार तासांत काय घडते

आधुनिक यंत्रात पिंपाची जागा हाताएवढ्या नळकांड्याने घेतली आहे. त्यात केसासारखे बारीक, पोकळ असे सुमारे दहा हजार तंतू असतात. तंतूंच्या आतून रक्त आणि बाहेरून विरुद्ध दिशेने क्षारयुक्त द्रव वाहतो. दर मिनिटाला पाव लिटर किंवा त्याहून थोडे अधिक रक्त शरीरातून निघते, शुद्ध होते आणि परत जाते. रक्तातील युरिया, जादा पोटॅशियम आणि जादा पाणी पडद्यातून द्रवात उतरते. रक्तपेशी व प्रथिने आत राहतात. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन हे औषध दिले जाते.

रक्तातील द्रव्ये ज्याप्रमाणे द्रवात जातात, त्याचप्रमाणे द्रवातील लहान रेणू रक्तात येऊ शकतात, ही गोष्ट नेहमी लक्षात ठेवावयास हवी. पडद्याला चांगले-वाईट कळत नाही. सुरक्षिततेचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

पाण्याची शुद्धता

द्रवाचा वेग मिनिटाला सुमारे अर्धा लिटर असतो. चार तासांत हे पाणी १२० लिटर होते. आठवड्याला ३६० लिटर. निरोगी मनुष्य आठवड्यात फार तर पंधरा-वीस लिटर पाणी पितो आणि तेही आतड्यांच्या भिंतीतून पारखून आत घेतले जाते. डायलिसिसच्या रुग्णाचे रक्त आणि पाणी यांच्यामध्ये मात्र केवळ एक पातळ पडदा असतो. वर्षाचा हिशेब केल्यास एका रुग्णाच्या रक्ताशेजारून सुमारे १८,७०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर पाणी वाहून जाते.

म्हणून पिण्यास योग्य असलेले पाणी डायलिसिसला योग्य असतेच असे नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ७५ मिलिग्रॅम कॅल्शियम असणे इष्ट मर्यादेत मानले जाते आणि दुसरा स्रोत नसल्यास २०० मिलिग्रॅमपर्यंत चालते. डायलिसिसच्या पाण्यात ते २ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. फ्लोराइडची पिण्याच्या पाण्यातील इष्ट मर्यादा १ मिलिग्रॅम आहे, डायलिसिससाठी ती ०.२ मिलिग्रॅम आहे. क्लोरीनची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. गावाच्या नळाला येणाऱ्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरले पाहिजे, असा आग्रह आरोग्य कर्मचारी धरतात आणि तो रास्तच आहे. डायलिसिसच्या पाण्यात मात्र एकूण क्लोरीन ०.१ मिलिग्रॅमच्या वर जाऊ द्यावयाचे नसते. जी टीसीएल पावडर गावाला गॅस्ट्रोपासून वाचविते, तीच चुकून रक्तापर्यंत पोहोचली तर तांबड्या पेशी फोडते.

हे धोके काल्पनिक नाहीत. जगभरातील डायलिसिस केंद्रांनी ते जबर किंमत देऊन ओळखले आहेत. पाणी मृदू करणारी टाकी निकामी झाल्यामुळे रुग्णांना मळमळ, उलट्या, अशक्तपणा आणि रक्तदाबवाढ होते, ही गोष्ट १९६० च्या दशकातच नोंदली गेली. १९७० च्या दशकात इंग्लंडमधील न्यूकॅसल परिसरात पाण्यातील अॅल्युमिनियममुळे रुग्णांची वाचा व स्मृती जाण्याचे आणि हाडे मोडण्याचे प्रकार आढळले. गढूळ पाणी निवळण्यासाठी वापरली जाणारी तुरटी हे अॅल्युमिनियमचेच क्षार होय. १९९३ मध्ये शिकागो येथील एका रुग्णालयात शुद्धीकरणाची टाकी वेळेवर न बदलल्याने फ्लोराइड पाण्यात उतरले आणि तीन रुग्ण दगावले.

सर्वांत मोठी दुर्घटना १९९६ मध्ये ब्राझीलमधील कारुआरु या शहरी घडली. दुष्काळामुळे जलाशय आटला होता. उरलेल्या पाण्यात निळे-हिरवे शेवाळ माजले होते. ते पाणी पुरेशी प्रक्रिया न होता टँकरने डायलिसिस केंद्रात आले. शेवाळातील विष रुग्णांच्या रक्तात गेले, त्यांचे यकृत निकामी झाले आणि पन्नासहून अधिक रुग्ण मृत्युमुखी पडले. आटलेला जलाशय आणि टँकर हे चित्र मराठवाड्याला अपरिचित नाही. म्हणूनच या घटनेचा धडा येथे विशेष मोलाचा आहे.

हिंगोली जिल्ह्यात एकीकडे पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर जलाशयासारखे भूपृष्ठावरील पाणी आहे, तर दुसरीकडे काळ्या पाषाणातील विहिरी व विंधन विहिरी. जलाशयाचे पाणी पावसाळ्याच्या आरंभी गढूळ होते आणि तुरटी व क्लोरीन यांची मात्रा वाढवावी लागते. विंधन विहिरीचे पाणी स्वच्छ दिसले तरी बहुधा जड असते. उन्हाळ्यात स्रोत बदलतो. स्रोत किंवा प्रक्रिया बदलली की पाण्याचा स्वभावही बदलतो, आणि आदल्या महिन्यात पुरेसे असलेले शुद्धीकरण या महिन्यात अपुरे ठरू शकते. ज्या केंद्रास पाणी पुरविले जाते, त्या केंद्रास असा बदल करण्यापूर्वी दूरध्वनीने कळविणे ही पाणीपुरवठा यंत्रणेची अगदी साधी, पण प्राण वाचविणारी कृती होय.

केंद्रातील शुद्धीकरणाची साखळी अशी असते : प्रथम वाळूची गाळणी, नंतर मिठाच्या साहाय्याने पाणी मृदू करणारी टाकी, त्यानंतर क्लोरीन शोषून घेणारी कोळशाची टाकी, आणि शेवटी आर. ओ. यंत्र. कोळशाच्या टाक्या एकामागे एक अशा दोन असाव्यात, म्हणजे पहिली थकली तरी दुसरी सांभाळून घेते. शुद्ध पाणी साठवून ठेवण्याऐवजी नळ्यांतून सतत फिरते ठेवावे, कारण साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. नळ्यांचे ठरावीक मुदतीने निर्जंतुकीकरण व्हावे. प्रत्येक पाळीच्या आधी क्लोरीन, दररोज जडपणा आणि दरमहा जंतू तपासले जावेत. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार मिलिलिटरमागे जंतूंची संख्या १०० पेक्षा कमी असावी लागते.

तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याने म्हणूनच केवळ यंत्रांची संख्या मोजून परत जाऊ नये. पाण्याची नोंदवही मागावी. आजची क्लोरीन तपासणी कोणी व किती वाजता केली, मृदुकरणाच्या टाकीत मीठ केव्हा भरले, मागील महिन्याचा जंतुतपासणीचा अहवाल कोठे आहे, हे तीन प्रश्न विचारल्यास केंद्राची प्रकृती लगेच कळते.

रक्ताचा मार्ग आणि संसर्ग

फिश्चुला असलेला हात हा रुग्णाच्या दृष्टीने जीवनरेषाच असते. त्या हातावर रक्तदाब मोजू नये, सुई टोचू नये, सलाईन लावू नये, घट्ट बांगडी वा घड्याळ घालू नये, त्या हाताने ओझे उचलू नये आणि त्यावर डोके ठेवून झोपू नये. रोज सकाळी बोटाने स्पर्श करून जोडणीची थरथर जाणवते की नाही, हे पाहावे. ती थांबल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ज्यांना पुढे डायलिसिस लागण्याची शक्यता आहे, अशा रुग्णांच्या हाताच्या शिराही आधीपासूनच जपाव्यात. फिश्चुला तयार होण्यास काही आठवडे लागतात. उशिरा आलेल्या रुग्णाला मानेतून नळी घालून उपचार सुरू करावा लागतो आणि त्या नळीतून जंतुसंसर्ग होण्याचा धोका बराच अधिक असतो.

एकाच कक्षात अनेकांचे रक्त शरीराबाहेर फिरत असल्यामुळे हिपॅटायटिस ‘बी’ आणि ‘सी’ या काविळींचा प्रसार होऊ शकतो. हिपॅटायटिस ‘बी’ वर लस उपलब्ध आहे. डायलिसिसच्या रुग्णांना ती दुप्पट मात्रेत आणि चार वेळा द्यावी लागते. मूत्रपिंडाचा विकार समजताच ती घेतल्यास अधिक गुणकारी ठरते. या काविळीच्या रुग्णासाठी स्वतंत्र यंत्र व स्वतंत्र जागा हवी. ‘सी’ वर लस नाही, परंतु आता गोळ्यांनी ती बरी होते आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत हा उपचार विनामूल्य मिळतो. प्रत्येक रुग्णामागे हातमोजे बदलणे, हात धुणे, सुई व सिरिंज एकदाच वापरणे आणि यंत्राचा पृष्ठभाग पुसून घेणे हे नियम साधे आहेत. धोका असतो तो गर्दीच्या दिवशी त्यांचा विसर पडण्याचा. तंतूंचे नळकांडे पुन्हा वापरले जात असेल, तर ते त्याच रुग्णाचे आहे हे नाव वाचून पडताळावे आणि त्यातील जंतुनाशक पूर्णपणे धुऊन गेल्याची खात्री करावी.

यंत्राचा गजर आणि वीज

नळीत हवेचा बुडबुडा आला, द्रवाचे तापमान वा क्षारांचे प्रमाण बिघडले, पडदा फाटून रक्त गळू लागले, दाब बदलला, तर यंत्र गजर देते. कारण शोधल्याशिवाय गजर बंद करावयाचा नाही, हा पहिला नियम होय. परंतु सुई निसटल्याचे प्रत्येक वेळी यंत्राला कळतेच असे नाही. यास्तव थंडीच्या दिवसांतही फिश्चुलाचा हात पांघरुणाखाली घेऊ नये. तो परिचारिकेला दिसत राहिला पाहिजे.

वीज गेल्यास रुग्णाचे काही रक्त नळ्यांत अडकून राहते. यंत्रातील विद्युतघट काही मिनिटे साथ देतो. त्यानंतर पंप हाताने फिरवून रक्त परत द्यावे लागते. प्रत्येक कर्मचाऱ्याला हे करता आले पाहिजे. जनित्र केवळ असून भागत नाही, त्यात डिझेल असावे लागते आणि ते आठवड्यातून एकदा चालवून पाहावे लागते. वीज वितरण कंपनीच्या स्थानिक कार्यालयाने देखभालीसाठी पुरवठा बंद ठेवण्याच्या वेळा केंद्रास आधी कळविल्या, तर पाळ्या त्यानुसार लावता येतात.

घर, आहार आणि उपवास

रुग्ण आठवड्यातील बारा तास यंत्रावर असतो आणि उरलेले १५६ तास घरी. या तासांत शरीरात साठणारे पाणी व पोटॅशियम काढण्यास दुसरा मार्ग नसतो. पोटॅशियम अती वाढल्यास हृदय एकाएकी बंद पडू शकते. फुप्फुसांत पाणी साठल्यास श्वास कोंडतो.

आजाऱ्याला भेटावयास जाताना केळी, मोसंबी आणि शहाळे नेण्याची आपल्याकडे रीत आहे. डायलिसिसच्या रुग्णाला हीच माया घातक ठरते, कारण या तिन्हींत पोटॅशियम भरपूर असते. उपवासाचेही तसेच आहे. बटाटा, रताळे, शेंगदाणे, केळी, खजूर हे उपवासाचे पदार्थ या रुग्णांना वर्ज्य वा अत्यल्प असावेत. एकादशीचा किंवा महाशिवरात्रीचा उपवास असा केल्यास आणि त्याच दिवशीचे डायलिसिस टाळल्यास दोन्ही धोके एकत्र येतात. पोळा असो, हिंगोलीचा दसरा असो वा घरचे लग्नकार्य, ठरलेली पाळी चुकवू नये. भाज्या सोलून, चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिल्यास पोटॅशियम बरेच कमी होते. पापड, लोणचे आणि वरून मीठ घेणे बंद करावे, म्हणजे तहान आपोआप कमी लागते. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. ते या रुग्णांसाठी नव्हे.

डायलिसिस सुरू होण्यापूर्वी प्रथिने मर्यादित ठेवण्यास सांगितलेले असते. उपचार सुरू झाल्यावर मात्र काही प्रथिने द्रवातून निघून जात असल्याने आहारातील प्रथिने वाढवावी लागतात. जुनाच सल्ला पाळत राहिल्याने अनेक रुग्ण कृश होतात. आहार आणि पाण्याचे माप प्रत्येक रुग्णाचे वेगळे असते. ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

थोड्या दिवसांचे डायलिसिस

डायलिसिस म्हणजे आयुष्याचा शेवट, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. घोणस चावल्याने, तीव्र जुलाब-उलट्यांनी किंवा गंभीर जंतुसंसर्गाने मूत्रपिंडे अचानक बंद पडतात. अशा वेळी काही दिवस वा आठवडे डायलिसिस दिल्यास ती पुष्कळदा पूर्ववत काम करू लागतात. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, घट्ट बांधणे किंवा मंत्रतंत्रात वेळ घालविणे टाळून रुग्णाला थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका याचसाठी आहे. नंतरच्या दिवसांत लघवी कमी झाली तर ताबडतोब कळवावे. जुलाबात क्षारसंजीवनी वेळेवर दिल्यास डायलिसिसची वेळच येत नाही.

शासनाचे साहाय्य

२०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली. देशात दरवर्षी सुमारे २.२ लाख नवीन रुग्णांची भर पडते, एका सत्राला सुमारे २,००० रुपये आणि वर्षाला ३ लाखांहून अधिक खर्च येतो, असे त्यावेळी सांगण्यात आले होते. जिल्हा रुग्णालये केंद्रस्थानी धरून ही सेवा उभारणे आणि दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना ती विनामूल्य देणे, हे या कार्यक्रमाचे सूत्र होय. महाराष्ट्रात २०१२ मध्ये सुरू झालेली व पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिलेली जन आरोग्य योजनाही डायलिसिसला लागू आहे. राज्य परिवहन महामंडळाच्या प्रवास सवलतींतही डायलिसिसच्या रुग्णांचा समावेश असून आवश्यक प्रमाणपत्राची चौकशी जवळच्या आगारात करावी. २०२४ मध्ये हिंगोली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने या जिल्ह्यातच तज्ज्ञ सेवा वाढण्याचा मार्ग मोकळा झाला आहे.

दूरच्या गावांतील काही रुग्णांना पोटाचे डायलिसिस हा पर्याय उपयोगी पडतो. १९७६ पासून विकसित झालेल्या या पद्धतीत पोटात बसविलेल्या नळीतून द्रव सोडून घरीच बदलता येतो. त्यासाठी यंत्र वा फिश्चुला लागत नाही. मात्र स्वच्छ खोली, धुतलेले हात आणि घरच्या माणसाचे प्रशिक्षण लागते. योग्य रुग्णासाठी मूत्रपिंडरोपण हा अधिक समाधानकारक उपचार असून १९९४ च्या मानवी अवयव प्रतिरोपण कायद्याने त्यास चौकट दिली आहे.

गावाने काय करावे

प्रतिबंध हा अर्थातच सर्वांत स्वस्त मार्ग होय. ज्यांना मधुमेह वा रक्तदाब आहे, त्यांची वर्षातून एकदा लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन या दोन तपासण्या व्हाव्यात. हळद काढणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत कंबरदुखीवर परस्पर गोळ्या घेण्याची सवय मजुरांत असते. तिचे परिणाम शिक्षकांनी शाळेत आणि आशा कार्यकर्तींनी घरोघर समजावून द्यावेत.

ज्या गावात डायलिसिसचा रुग्ण आहे, त्या ग्रामपंचायतीने त्याच्या पाळीचे वार जाणून घ्यावेत. पावसाळ्यात ओढ्याला पूर येऊन रस्ता बंद होण्याचा संभव असेल, तर रुग्णाला आदल्या दिवशीच पलीकडे पोहोचवावे. योजनेची कागदपत्रे, शिधापत्रिकेतील नाव आणि ओळखपत्र यांतील चुका वेळीच दुरुस्त करून द्याव्यात, कारण नावातील एका अक्षराच्या फरकाने उपचार अडून राहू शकतो आणि या आजारात आठवडाभराचा उशीरही परवडत नाही. नोकरी वा शेतकाम करू शकणाऱ्या रुग्णाला पाळीच्या दिवशी सवलत देऊन कामावर ठेवावे; नियमित उपचार घेणारे अनेक जण वर्षानुवर्षे संसार व कामधंदा सांभाळतात.

एका शेतकऱ्याच्या मुलाला वाचविता आले नाही, या सलातून कृत्रिम मूत्रपिंड जन्माला आले. आज ते यंत्र शेतकऱ्याच्या जिल्ह्यापर्यंत पोहोचले आहे. त्यातून वाहणारे पाणी शुद्ध राहील, त्याची वीज खंडित होणार नाही आणि ठरलेल्या वारी रुग्णाची खाट रिकामी राहणार नाही, याची दक्षता रुग्णालयाबरोबर गावानेही घ्यावयाची आहे.